डीबीएस: आधी टीम शोधा, मग यंत्र

पार्किन्सनच्या पेशंटच्या घरात डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत तार बसवण्याचं ऑपरेशन) हा शब्द बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर शिरतो. गोळ्या सुरू होऊन पाच-सात वर्षं झालेली असतात. सिंडोपाचा, म्हणजे लेव्होडोपाच्या नेहमीच्या गोळीचा, असर आधी चार-पाच तास टिकायचा, तो आता अडीच तासांवर आलेला असतो. तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतं: थरथरणारा हात, बटण दाबलं, थरथर बंद. व्हिडिओ खोटा नसतो. त्या बटणाच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचं वर्ष मात्र त्यात दिसत नाही.

मी नागपुरात न्यूरो-फिजिओथेरपी करते. त्यामुळे माझ्याकडे लोक ऑपरेशनच्या आधीही येतात आणि नंतरही. कुणाचं छान होतं, कुणाचं मनासारखं होत नाही. माझ्या पाहण्यात हा फरक यंत्राच्या कंपनीमुळे क्वचितच पडला. मागे उभ्या असलेल्या टीममुळे जास्त पडला. म्हणून या लेखात ऑपरेशनच्या दिवसाला थोडी जागा आहे आणि त्याच्या आगेमागे जास्त.

हे नेमकं काय असतं

डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये मेंदूच्या खोल भागात, ठरलेल्या बिंदूवर, साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार बसवतात. बहुतेकांना दोन्ही बाजूंना लागते. तारेच्या टोकाशी छोटे संपर्कबिंदू असतात. तार त्वचेखालून कानामागून, मानेतून खाली येते आणि गळ्याच्या हाडाखाली (कॉलरबोनखाली) छातीत बसवलेल्या बॅटरीला जोडली जाते. बॅटरी सेकंदाला साधारण १३० वेळा अगदी सौम्य विद्युत स्पंदनं सोडते आणि मेंदूतल्या बिघडलेल्या लयीत व्यत्यय आणते. फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहरात १९८७ मध्ये आलीम-लुई बेनाबीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपासाठी ही पद्धत पुढे आणली. अमेरिकेत कंपासाठी तिला १९९७ मध्ये आणि पार्किन्सनसाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे हा प्रयोग राहिलेला नाही. पण आजार यानं बरा होत नाही. तो आतून आपल्या गतीनं चालूच राहतो. त्रास कमी होतो आणि चांगले तास वाढतात.

पहिली पायरी: आजार तोच आहे ना?

ही पायरी लोक गाळतात, कारण निदान तर केव्हाच झालेलं असतं. तरीही पुन्हा एकदा तपासून घ्या.

आपल्याकडे औषधांमुळे होणारा पार्किन्सनसारखा त्रास फार दिसतो. गॅस-ॲसिडिटीच्या कित्येक गोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिन किंवा मायग्रेनसाठीची फ्लुनारिझिन वर्षानुवर्षं चालू राहते. या औषधांनी हातपाय ताठ होतात, चाल मंदावते, कंपही येतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अगदी मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवा. तरुण पेशंट असेल तर विल्सन डिसीजची (शरीरात तांबं साठण्याचा आजार) तपासणी झाली आहे का, तेही विचारा.

दुसरा धोका पार्किन्सनच्या चुलत भावंडांचा: एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी), पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी). सुरुवातीला ते पार्किन्सनसारखेच दिसतात. पहिल्या एक-दोन वर्षांतच वारंवार पडणं, नजर खाली न वळणं, उभं राहताच बीपी कोसळणं, गोळीचा फारसा उपयोग न होणं, अशी लक्षणं असतील तर डीबीएसचा फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. आजाराला किमान चार-पाच वर्षं होऊ द्या असं डॉक्टर म्हणतात, त्याचं मुख्य कारण हेच: तेवढ्या काळात ही भावंडं आपला खरा चेहरा दाखवतात.

नागपुरात सुरुवात कुठून करायची? मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) जोडलेलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, किंवा धंतोली-रामदासपेठेतले खासगी न्यूरोलॉजिस्ट. शक्य असेल तर ज्यांनी मूव्हमेंट डिसऑर्डरचं (हालचालींच्या आजारांचं) वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे त्यांचं एकदा तरी मत घ्या. त्यासाठी बाहेरगावी जावं लागलं तरी ती फेरी वाया जात नाही.

दुसरी पायरी: वही आणि मोबाइल

डॉक्टरांना पेशंट दहा मिनिटं दिसतो. तुम्हाला चोवीस तास दिसतो. म्हणून एक वही करा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी आखा. प्रत्येक ओळीत लिहा: गोळी घेतली का, जेवण झालं का, आणि माणूस कसा आहे. ‘चालू’ (गोळी चढलेली), ‘बंद’ (गोळी उतरलेली), ‘अंग आपोआप हलतंय’, ‘झोपले’, एवढे चार शब्द पुरतात. सलग चार-पाच दिवस लिहा. मध्येच लग्न किंवा पाहुणे आले तर ते दिवस सोडून द्या.

मोबाइलवर व्हिडिओ काढा: खुर्चीतून उठणं, दहा पावलं चालणं, वळणं, बोटांची उघडझाप, एक ओळ लिहिणं. तेच सगळं एकदा गोळी उतरलेली असताना आणि एकदा पूर्ण चढलेली असताना. व्हिडिओत तोंडानं सांगा, “आता साडेदहा वाजले, शेवटची गोळी साडेसातला.” हे एक वाक्य नसेल तर व्हिडिओचा अर्धा उपयोग जातो.

वही भरली की मोजा. दिवसात लेव्होडोपाचे पाच किंवा जास्त डोस लागतात का? ‘बंद’ वेळ एकूण दोन तास किंवा जास्त आहे का? अंग हलण्याचा त्रासदायक काळ एक तास किंवा जास्त आहे का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर गोळ्यांच्या पलीकडच्या उपायांबद्दल बोलायची वेळ झाली असं समजतात. याला पाच-दोन-एकची कसोटी म्हणतात.

पण त्याआधी गोळ्यांचा पूर्ण फायदा घेतला जातोय का, हेही वही सांगते. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून शोषली जाताना एकमेकांच्या आड येतात. गोळी वरण-भातासोबत किंवा दुधासोबत घेतली की ती अर्धवट चढते. पाटवडी रस्सा, झुणका, वडाभात हा तर प्रथिनांचाच थाट. खाऊ नका असं मी कुणाला सांगत नाही, सांगून ऐकणारही कोण! गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, साध्या पाण्यासोबत घ्या, आणि डाळ-पनीर-अंड्याचा मोठा वाटा रात्रीकडे ढकला. बद्धकोष्ठतेवर इलाज करा, कारण पोट थांबलं की गोळीही थांबते. काही जणांना वेळा नीट लावूनच वर्ष-दोन वर्षं निघतात. ऑपरेशन तेवढं पुढं गेलं तर बिघडत नाही.

फार पुढंही ढकलू नका मात्र. व्हीलचेअर आली, आठवण गेली, मग डीबीएसची चौकशी सुरू झाली, असंही मी पाहते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी: लेव्होडोपा चॅलेंज

सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत महत्त्वाची, आणि यात मशीन लागत नाही. आदल्या रात्रीपासून साधारण बारा तास पार्किन्सनची गोळी द्यायची नाही. काही दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्या त्याहून आधी थांबवतात. कोणत्या आणि किती, ते डॉक्टरच सांगतील, स्वतः ठरवू नका. सकाळी उपाशीपोटी, पूर्ण ‘बंद’ अवस्थेत पेशंटला तपासून गुण देतात. मग नेहमीच्या सकाळच्या डोसपेक्षा थोडा मोठा डोस देतात आणि असर शिखरावर असताना पुन्हा गुण देतात. दोन्हींतली सुधारणा साधारण ३० टक्के किंवा जास्त असेल तर पुढे जाण्यात अर्थ असतो.

हे कळलं की पुढची निम्मी निराशा टळते. चांगल्यातली चांगली गोळी चढलेली असताना पेशंट जेवढा सुधारतो, साधारण तेवढंच डीबीएस देतं. फक्त ते दिवसभर पुरवतं. गोळी चढल्यावरही पाय जमिनीला चिकटत असतील, तोल जात असेल, आवाज बसलेला असेल, तर हे त्रास ऑपरेशननंतरही राहतील. स्मरणशक्ती, बद्धकोष्ठता, लघवीचे त्रास यांना डीबीएसचा भरवसा धरू नका. एक अपवाद आहे: कंप. गोळीला न जुमानणारा कंपसुद्धा बऱ्याचदा डीबीएसनं आटोक्यात येतो.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ किंवा बालाघाटहून येणाऱ्यांनी या तपासणीला पहाटेची बस धरून येऊ नये. बारा तास गोळी नसलेल्या माणसाला बसच्या पायऱ्या चढवणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. आदल्या संध्याकाळी नागपुरात मुक्काम करा, हॉस्पिटलच्या जवळ, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या ठिकाणी. रात्री कूस वळवायला, बाथरूमला न्यायला सोबत धडधाकट माणूस हवा. आणि दवाखान्याला विचारा: भरती करून ही चाचणी करता का? अशक्त पेशंटसाठी तेच बरं.

चौथी पायरी: टीमचा प्रत्येक माणूस काय बघतो

न्यूरोलॉजिस्ट निदान आणि गोळ्या बघतात. न्यूरोसर्जन एमआरआय बघून बिंदू आणि वाट ठरवतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. खरं घोडं अडतं ते पुढच्या माणसांपाशी, कारण त्यांच्याकडे पाठवलं की लोकांना वाटतं, उगाच खर्च वाढवतायत.

न्यूरोसायकॉलॉजिस्ट आठवण, लक्ष, नियोजन, निर्णय घेण्याची क्षमता तपासतात. डिमेन्शिया सुरू झाला असेल तर ऑपरेशननंतर तो झपाट्यानं उघडा पडू शकतो. ही चाचणी पेशंटच्या भाषेत व्हायला हवी. शाळा चौथीत सुटलेल्या काकाजींची परीक्षा इंग्रजीत घेतली तर त्यात त्यांचं इंग्रजी कळेल, मेंदू नाही. मराठीतली चाचणी मागून घ्या.

मनोविकारतज्ज्ञांकडे जायला लोक सर्वांत जास्त नाखूश. पण पार्किन्सनमध्ये नैराश्य फार असतं, आणि ते दुरुस्त न करता ऑपरेशन केलं तर नंतर ते उसळून येऊ शकतं, आत्महत्येच्या विचारांपर्यंतसुद्धा. शिवाय प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या पार्किन्सनच्याच गोळ्यांनी काहींना जुगाराची, ऑनलाइन रमीची, खरेदीची किंवा लैंगिक वागण्याची अनावर ओढ लागते. घरात हे लपवलं जातं. बायको गप्प राहते, मुलांना लाज वाटते. टीमला हे सांगाच. तो औषधाचा परिणाम आहे, माणसाचा स्वभाव बिघडलेला नाही. भास होतात का, रात्री ओरडतात का, हेही सांगा.

भूलतज्ज्ञ हृदय, फुप्फुसं, बीपी बघतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवायचं. साखर आटोक्यात हवी. दातात पू, लघवीत जंतुसंसर्ग, त्वचेवर गळू, काहीही असेल तर ते आधी निपटवा. शरीरात बसवलेल्या वस्तूला संसर्ग लागला की बऱ्याचदा ती काढावी लागते.

स्पीच थेरपिस्ट आवाज आणि गिळणं तपासतात. डीबीएसनं काहींचं बोलणं अस्पष्ट होतं, म्हणून आधीची नोंद, रेकॉर्डिंगसकट, हवीच. फिजिओथेरपिस्ट तोल, वळणं, पडण्याचा इतिहास बघतात आणि स्नायूंची तयारी करून घेतात. ऑपरेशनआधीचे सहा-आठ आठवडे पाय आणि पाठ मजबूत करण्यात घालवले तर नंतर उठणं सोपं जातं.

आता सगळ्यात कामाचा प्रश्न: ही सगळी मंडळी एकत्र बसून तुमच्या पेशंटबद्दल बोलली का? पाच चिठ्ठ्या पाच फायलींत असणं म्हणजे टीम नाही. जिथे बैठक होते तिथे ‘आत्ता नको’ किंवा ‘करूच नका’ असंही उत्तर मिळतं, आणि असं उत्तर देणाऱ्या जागेवर माझा विश्वास जास्त बसतो. बिंदूही तिथेच ठरतो. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तार बसवली तर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात. ग्लोबस पॅलिडसमध्ये बसवली तर अंग हलणं थेट दबतं, पण गोळ्या फारशा कमी होत नाहीत. मन किंवा आठवण नाजूक असेल तर काही टीम हा बिंदू पसंत करतात. निव्वळ कंपाच्या आजारात थॅलॅमसमधला बिंदू निवडतात.

डिस्टोनियाच्या (स्नायू आपोआप आवळून अंग पिळवटण्याचा आजार) मुलांसाठी आणि तरुणांसाठी दोन ओळी: आनुवंशिक डिस्टोनियाच्या काही प्रकारांत डीबीएसचा फायदा फार मोठा असतो, पण तो हळूहळू, आठवड्यांनी-महिन्यांनी दिसतो. पहिल्या महिन्यात काही झालं नाही म्हणून खचू नका. जनुकीय तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

पाचवी पायरी: कुठे करायचं

नागपूरकर लगेच मुंबईकडे बघतो. हैदराबादचं निम्स, बंगळुरूचं निमहान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, मुंबईचं जसलोक या ठिकाणी या कामाचा जुना अनुभव आहे. हैदराबाद तर नागपूरहून साधारण ५०० किलोमीटर, मुंबईपेक्षा बरंच जवळ. पण मुद्दा ऑपरेशनचा एक दिवस कुठे घालवायचा एवढाच नाही. पहिल्या सहा महिन्यांत यंत्राच्या सेटिंगसाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि पुढेही आयुष्यभर अधूनमधून. समृद्धी महामार्ग झाला तरी मुंबई सातशे किलोमीटरच्या पुढेच आहे, आणि ‘बंद’ अवस्थेतल्या माणसाला तेवढं अंतर गाडीत बसवणं सोपं नाही.

म्हणून मी ज्यांना सल्ला देते त्यांना सांगते: ऑपरेशन नागपुरात करा किंवा बाहेर, प्रोग्रॅमिंग, म्हणजे हे सेटिंग, करणारा माणूस आधी शोधा. नागपुरातले कोणते न्यूरोलॉजिस्ट त्या कंपनीच्या यंत्राचं सेटिंग स्वतः करतात? की कंपनीचा प्रतिनिधी येतो तेव्हाच होतं? प्रतिनिधी मदतीला असणं ठीक, पण निर्णय डॉक्टरांचा हवा. काही नव्या यंत्रांत दुरून सेटिंग बदलण्याची सोय असते. ती तुमच्या केंद्रात प्रत्यक्ष वापरात आहे का, ते विचारा.

भेटीत हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- वर्षाला तुमच्याकडे अशी किती ऑपरेशनं होतात, आणि संसर्ग किंवा रक्तस्राव किती जणांना झाला?
- तार चुकीच्या जागी बसली तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा?
- पहिल्या वर्षाची प्रोग्रॅमिंगची फी पॅकेजमध्ये आहे का?
- रात्री दोनला यंत्र बंद पडलं तर फोन कोणाला करायचा?

शेवटच्या प्रश्नाला नाव आणि नंबर मिळाला नाही तर तिथून उठायला हरकत नाही.

सहावी पायरी: पैसे आणि बॅटरी

साध्या बॅटरीसकट एकूण खर्च साधारण आठ-दहा लाखांपासून सुरू होतो, चार्ज होणाऱ्या बॅटरीनं पंधरा लाखांकडे आणि पुढेही जातो. यातला मोठा वाटा यंत्राचा. त्यामुळे कोटेशन घेताना यंत्र, ऑपरेशन आणि नंतरचं सेटिंग यांचे आकडे वेगळे मागा.

आरोग्य विमा असेल तर हे माहीत हवं: विमा नियामकानं २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली, त्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशन नावानिशी आहे, कंपनी ते सरसकट वगळू शकत नाही. मात्र त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. पॉलिसीच्या कागदात ‘आधुनिक उपचार’ हा भाग शोधा आणि पूर्वमंजुरी लेखी घ्या. केंद्र सरकार, रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), आयुध निर्माणीचे आजी-माजी कर्मचारी नागपुरात भरपूर. त्यांनी आपापल्या वैद्यकीय विभागाची मंजुरी ऑपरेशनच्या तारखेआधी हातात घ्यावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल असं गृहीत धरू नका. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज करता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड काढून ठेवा. जुन्या करपद्धतीत उपचारखर्चावर आयकराची वजावटही मिळते, ती लोक विसरतात.

पैसा अजिबातच जमत नसेल तर दागिने विकण्याआधी टीमला पर्याय विचारा. ॲपोमॉर्फिनची इंजेक्शनं किंवा पंप, किंवा एका बाजूपुरती पॅलिडोटॉमीसारखी (यंत्र न बसवता मेंदूतला तो बिंदू निकामी करण्याची) जुनी शस्त्रक्रिया, काहींना उपयोगी पडते.

बॅटरीचा निर्णय घरातल्या माणसांकडे बघून घ्या. साधी बॅटरी सेटिंगप्रमाणे तीन ते पाच वर्षं चालते, मग छातीतल्या छोट्या ऑपरेशननं बदलायची, आणि तो खर्चही लाखांत. चार्ज होणारी पंधरा वर्षं किंवा जास्त टिकते, पण ठरावीक दिवसांनी चार्जर छातीवर लावून बसावं लागतं. पंचावन्न वर्षांचा माणूस, सोबत सून-मुलगा, तर चार्ज होणारी चांगली. पंच्याहत्तरचे काकाजी, काकूंचं गुडघ्याचं दुखणं, मुलं पुण्याला, गावात वीज ये-जा करते, तर साधीच बरी.

सातवी पायरी: ऑपरेशन

डोक्याला धातूची चौकट बसवतात, सीटी स्कॅन करून तो एमआरआयशी जुळवतात, कवटीला छोटी छिद्रं पाडतात. बऱ्याच ठिकाणी पेशंट पहिल्या टप्प्यात जागा असतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्वचा बधिर केलेली असते. सूक्ष्म तारेनं पेशींचे आवाज ऐकत बिंदू पक्का करतात, मग थोडा करंट देऊन विचारतात: हात उघडा-मिटा, महिने सांगा. बाहेरच्या राज्यात ऑपरेशन असेल तर ओटीमध्ये मराठी किंवा निदान हिंदी समजणारा माणूस आहे ना, हे आधीच बोलून ठेवा. बोलणं अडखळतंय की भाषाच कळत नाही, हा घोळ तिथे नको. काही केंद्रांत पूर्ण भूल देऊनही करतात. बॅटरीचा भाग भुलीतच होतो.

धोके: मेंदूत रक्तस्राव साधारण शंभरातल्या एक-दोघांना, संसर्ग शंभरात काही जणांना, आणि तार सरकणं-तुटणं. काही वयस्कर पेशंट पहिले दोन-तीन दिवस गोंधळलेले राहतात. घरच्या ओळखीच्या चेहऱ्यानं रात्री जवळ बसावं.

आठवी पायरी: घरी आल्यावर, आणि प्रोग्रॅमिंग

यंत्र अजून चालूही केलेलं नसतं आणि पेशंट भरभर चालायला लागतो. तार बसताना त्या जागी आलेल्या किंचित सुजेचा हा परिणाम, काही दिवस ते काही आठवडे टिकतो. घरात पेढे वाटले जातात, गोळ्या आपल्या मनानं कमी होतात, आणि मग सूज ओसरली की सगळं परत आल्यासारखं वाटतं. पेढे वाटा, गोळ्यांना हात लावू नका.

टाके सुकेपर्यंत डोकं कोरडं ठेवा. एप्रिल-मेमध्ये नागपुरात ऑपरेशन टाळता आलं तर टाळा, असं माझं मत; घामानं पट्टी ओली राहते. जखमेवर लाली, पाणी, ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा. बॅटरी त्वचेखाली बोटांनी फिरवत बसायची काहींना सवय लागते. ती तोडा, तारा पिळवटतात. हेल्मेट टाक्यांवर घासतं का, ते सर्जनना दाखवूनच गाडीवर बसा.

साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. पहिली बैठक लांब चालते आणि बहुधा गोळी न घेता बोलावतात. तारेवरचा एकेक संपर्कबिंदू तपासायचा, करंट थोडा थोडा वाढवायचा, कुठे फायदा सुरू होतो आणि कुठे त्रास, ते लिहायचं. त्रास म्हणजे तोंड एका बाजूला ओढणं, हाताला मुंग्या, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं. तंबोऱ्याची तार कसताना कान लावून जसं एकेक सूर पुढं जातात, तशी ही चाल आहे. घाईनं पिळली की बेसूर. स्थिर सेटिंग सापडायला तीन ते सहा महिने लागतात.

वही इथे पुन्हा उघडा. प्रत्येक सेटिंगनंतर तारीख, काय बदललं, आणि पुढच्या दोन दिवसांत काय वाटलं. गोळ्या हळूहळू उतरवतात. फार भरभर उतरवल्या तर माणूस हलतो चांगला, पण मन विझल्यासारखं होतं: टीव्ही नको, नातू नको, कुठं जायला नको. याला आळस समजू नका, टीमला कळवा. उलट काही जण फारच खुशीत येतात, रात्री दोनला कपाट आवरायला घेतात, व्याह्यांना पैसे देऊ करतात. तेही कळवा. पेशंट स्वतः हे सांगणार नाही. त्याला तर छान वाटत असतं.

माझ्या कामाचा भाग इथून सुरू होतो. हातपाय मोकळे होतात, पण तोल तेवढा सुधारत नाही. आत्मविश्वास पायांच्या पुढे धावतो आणि माणूस पडतो. म्हणून पहिले काही महिने वळताना जागेवर गिरकी नको, मोठा वळसा घ्या. पाय चिकटत असतील तर दारात फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावा आणि त्या ओलांडत पावलं टाका, किंवा लेझीमच्या ठेक्यावर मोजत चाला. बाहेरून मिळालेला ठेका मेंदूला वाट दाखवतो. चालताना बोलू नका, हातात चहाचा कप नको. फिरायला पहाटे जा. गोळ्यांनी आणि आजारानं उभं राहताना बीपी पडतं, त्यात विदर्भाचं ऊन. दिवसभर ताक-पाणी चालू ठेवा. आवाजासाठी रोज वर्तमानपत्रातल्या चार बातम्या पलीकडच्या खोलीत ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं वाचा.

नववी पायरी: आयुष्यभराची पथ्यं

यंत्राचं ओळखपत्र पाकिटात कायम. मेट्रो स्टेशनवर आणि विमानतळावर ते दाखवून हातानं तपासणी मागा.

शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे आमच्याच फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत मिळणारा मशीनचा खोल शेक, पूर्ण वर्ज्य. त्यानं तारेचं टोक तापून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. गुडघे दुखतात म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाल तेव्हा आधी छातीतलं यंत्र सांगा. एमआरआय काही यंत्रांत ठरावीक अटींवर चालतो. टीमला विचारल्याशिवाय नाही. मोतीबिंदू, हर्निया, दात, कोणतंही ऑपरेशन असो, सर्जनना आधी कळवा, कारण रक्त थांबवायला वापरतात त्या कॉटरीचे नियम बदलतात. साधी सोनोग्राफी चालते. वेल्डिंग करणाऱ्यांनी ते काम सोडावं.

उलटी थांबवायला दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड, स्टेमेटिल, आणि गोंधळलेल्या पेशंटला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल ही पार्किन्सनमध्ये घातक. ही नावं मोठ्या अक्षरांत लिहून ओळखपत्राच्या मागे चिकटवा. रात्री कॅज्युअल्टीत तुमच्या न्यूरोलॉजिस्टचा फोन लागेलच असं नाही, तो कागद मात्र हातात असेल.

साध्या बॅटरीची पातळी प्रत्येक भेटीत विचारा आणि वहीत लिहा. पातळी उतरायला लागली की बदलण्याच्या मंजुरीचे कागद तेव्हाच हलवा. मंजुरीला महिने जातात. बॅटरी अचानक संपली आणि पेशंट काही तासांत लाकडासारखा ताठ झाला, गिळेना, ताप चढला, तर सकाळची वाट बघू नका, भरती करा. घरातल्या दोघांना तरी रिमोटवरून यंत्र चालू आहे की बंद, हे बघता यायला हवं. एक त्यातला पेशंटबरोबर राहणारा. दुसरा पुण्यात नोकरी करणारा मुलगा असून चालणार नाही. शेजारची, रोज येणारी पुतणी चालेल.